ऑपरेशननंतर डोकं दुखतं तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्यसेविका ताईंनी केलेलं भाषण. लिहून घेताना त्यांची बोली तशीच ठेवली आहे.)

बचतीचं झालं, हप्त्यांचं झालं, आता दहा मिनिटं मला द्या.

मागल्या वर्षी एका वस्तीवर बाळंतिणीला भेटायला गेले. पोरगी सडपातळ, पहिलटकरीण, सिझर झालेलं. दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकत होतं. सासूबाई म्हणाल्या, "पाजायला बसवली की डोकं धरते, आडवी झाली की गप्प. हे कसलं दुखणं?" शेजारीण म्हणे नजर लागली, दुसरी म्हणे वारं शिरलं, कान बांधा. आणि ती पोरगी रडत मला विचारते, "ताई, मी उशी घेतली होती, म्हणून झालं असंल का?"

आता बघा, सासूबाई टोमणा मारत होत्या, पण दुखण्याचं नेमकं लक्षण त्यांनीच सांगितलं. बसलं-उठलं की दुखतं आणि आडवं झालं की थोड्या वेळात उतरतं, हे कमरेतून दिलेल्या भुलीनंतरचं डोकं. सोबत मान अवघडते, मळमळतं, कधी कानात गुणगुण होते. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतं.

आपला मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. तोच द्रव पाठीच्या कण्यात खालपर्यंत असतो आणि त्याच्याभोवती पडद्याची पिशवी असते. भूल देताना सुई त्या पिशवीतून आत जाते. भोक बहुधा आपोआप बुजतं. नाही बुजलं तर द्रव झिरपतो. ठिबकच्या नळीला बारीक भोक पडलं की पुढं दाब राहत नाही, तसंच. बसलं की मेंदूला खालचा आधार कमी पडतो, ताण येतो आणि डोकं ठणकतं.

ही भूल 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बीअर नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा वापरली. सुई स्वतःलाही टोचून घेतली आणि मग डोकेदुखीनं नऊ दिवस अंथरुणात पडून राहिले. त्यांना कुणी नाटकी म्हटलं नसेल!

कुणाला जास्त होतं? पुरुषांपेक्षा बायकांना, त्यातही तरुण आणि गरोदर बायकांना. अंगानं बारीक असलेल्यांना. आधीपासून डोकेदुखी असलेल्यांना, किंवा मागच्या भुलीनंतर असंच झालेल्यांना. सुई जाड असली किंवा दोन-तीनदा टोचावं लागलं तरी शक्यता वाढते. आता पेन्सिलीच्या टोकासारख्या बारीक सुया आल्यात, त्यांनी हे खूप कमी झालंय. शंभरात एखादीला होतं, कधी त्याहूनही कमी. म्हणून भुलीला घाबरून ऑपरेशन टाळू नका. मागं झालं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा, आणि टोचताना पाठ वाकवून अजिबात हलू नका.

उशी घेतली, लवकर उठली, बाळाला उचललं, यानं हे होत नाही. नुसतं उताणं पडून राहिल्यानं टळतही नाही, तसं अभ्यासात दिसलंय. दवाखान्यात सांगतील तसं वागा, पण सुनेला दोष देऊ नका.

उपाय सोपे आहेत. दुखेल तेव्हा आडवं व्हावं, कुशीवर निजून पाजावं, पाणी प्यावं, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी, चहा-कॉफीनंही थोडा आराम पडतो. बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. फारच असलं तर मोठ्या दवाखान्यात हातातलं थोडं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडतात. ते गोठून भोक बुजवतं.

चहावरून आठवलं. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्या बाईला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं की नुसत्या चहावाचूनही डोकं दुखतं. ते आडवं होऊन जात नाही, चहा मिळाला की जातं. पण परवानगीशिवाय लपून देऊ नका हो!

आता जिथं वेळ घालवायचा नाही ते सांगते. आडवं होऊनही डोकं थांबत नाही, वाढतच जातं. किंवा सोबत ताप, मान ताठणं, डोळ्यांपुढं अंधारी, बरगडीखाली दुखणं, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, गुंगी. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच घडीला 108 ला फोन करा. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब चढू शकतो, तो नीट असला तरी पुन्हा मोजून घ्या. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळीही होऊ शकते, आणि अंगातलं पाणी कमी झालं की तो धोका वाढतो. टाके पिकतील, पोट सुटेल म्हणून आपण बाळंतिणीचं पाणी तोडतो ना, ते आजपासून बंद करा. तिला घोट घोट नाही, तांब्यानं पाणी द्या. दूध पाजणारीला तहान जास्तच लागते.

त्या पोरीचा रक्तदाब मी मोजला, ताप बघितला, दोन्ही ठीक. मग चिठ्ठीवर लिहिलं, "कमरेतून भूल, दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखी, बसल्यावर वाढते, झोपल्यावर उतरते." तेवढ्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं, तपासून त्यांनी औषध दिलं. पुढच्या भेटीला गेले तर पोरगी ओट्यावर बसून बाळाला पाजत होती, आणि सासूबाई तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरत होत्या.