ताज्या बर्फाची सकाळ, दोघांची

गुलमर्गला रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ निवळलं, की कसलेल्या स्कीपटूचा पाय खोलीत ठरत नाही. त्याला अफरवट शिखराचे उतार दिसत असतात. सोबतिणीने मात्र कालच पहिल्यांदा पायाला स्की बांधलेल्या असतात.

इथली गोंडोला दोन टप्प्यांची आहे: पहिला कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर. मोठ्या हिमवर्षावानंतर वरचा टप्पा लगेच उघडत नाही. स्की पेट्रोलचं पथक आधी हिमस्खलनाचा धोका तपासतं. हा वेळ सोबतिणीबरोबर खालच्या सौम्य उतारावर घालवावा, आणि पुढचं शिकवणं प्रशिक्षकाकडे सोपवावं.

तिला भुसभुशीत बर्फात ओढून नेणं हा अन्यायच. तिथे पडलं, की हात टेकायला काही घट्ट लागत नाही. काठी रोवावी तर तीही आत जाते. दोन्ही काठ्या बर्फावर फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यांवर भार दिला, तरच उठता येतं. निसटलेली स्की तर बर्फाखाली चाचपडत शोधावी लागते.

वर जाणाऱ्यानेही एकटं जाऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्याच खिलनमर्गजवळच्या हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. गाडल्या गेलेल्याला शोधून काढायला काही मिनिटंच हाती असतात. त्यासाठी ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं वापरता येणारा जोडीदार शेजारीच हवा. स्थानिक गाईड घ्यावाच.

मुंबई-पुण्याची प्रीपेड सिमकार्डं काश्मिरात चालत नाहीत. त्यामुळे जेवायला कुठे, किती वाजता भेटायचं, हे निघण्याआधीच ठरवावं.