राहिलेला पैसा आणि गावाचे भले

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कळस चढला. या कामाला कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंट दिले, कोणी चार दिवस राबून गेले. या साऱ्या देणगीची एक खूण आहे, ती म्हणजे देणाऱ्याने ती आपल्या हाताने दिली आहे. मला आज दुसऱ्या एका पैशाविषयी बोलायचे आहे. तो कोणी दिलेला नाही, नुसता राहून गेलेला आहे.

आपल्या भागात गावोगाव विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था आहेत. समजा, एका शेतकऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी सोसायटीचा भाग घेतला. मुलगा गिरणीत लागला, बिऱ्हाड परळ-लालबागला गेले. म्हातारा वारला, वारसनोंद राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच बंद पडल्या आणि ते बिऱ्हाडही विखुरले. खतावणीत मात्र म्हाताऱ्याचे नाव आहे, भागाची रक्कम आहे, न नेलेला लाभांश आहे. एकेकाची रक्कम थोडी, पण सगळ्यांची मिळून नजरेत भरते.

मग कोणीतरी म्हणतो, पडून राहण्यापेक्षा गावाच्या कामी लावा. हेतू चांगला आहे. पण खर्चाआधी शोध झाला पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासद वारला की त्याचा भाग व हितसंबंध नामनिर्देशित व्यक्तीकडे, आणि नामनिर्देशन नसेल तर वारसाकडे जातो. तो आपोआप गावाचा होत नाही. न नेलेला लाभांश मात्र ठरावीक मुदतीनंतर राखीव निधीत वर्ग करावा, अशी तरतूद अनेक संस्थांच्या पोटनियमांत असते. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१४ साली योजना केली. दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव ठेवीदारांसाठीच्या एका निधीत जाते, सहकारी बँकांचीही जाते, आणि तरीसुद्धा खरा मालक किंवा वारस आला तर बँकेने त्याला पैसे द्यायचे असतात. आपली विकास सोसायटी ही बँक नव्हे. तिला ती योजना लागू नाही. म्हणून तिथे राखण आपणच केली पाहिजे.

अमेरिकेत खेड्यापाड्यांना वीज पुरवणाऱ्या सहकारी संस्था आहेत. सभासदांना परत करायची रक्कम काहींनी नेलेली नसते. काही राज्यांचा कायदा ती विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला किंवा गावाच्या कामाला लावू देतो, पण आधी मालकांना जाहीर सूचना द्यावी लागते. आधी हाक, मग खर्च, हा क्रम आपणही धरू या.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेने अशा सभासदांची नावे काढावीत. यादी संस्थेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीत आणि या देवळाच्या ओवरीत लावावी. मुंबईत गाववाल्यांच्या खोल्या आहेत, तिथेही एक प्रत पाठवावी. रक्कम लिहू नये, नावे पुरेत. वर्षभर वाट पाहावी. वारस आला तर त्याला हेलपाटे न घालता त्याचे पैसे द्यावेत. पाहा, आपल्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार पडले. साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांना न विसरणारे हे गाव आपल्याच जुन्या सभासदाचे नाव विसरेल, हे मनाला पटत नाही.

आणि जो लाभांश पोटनियमाप्रमाणे संस्थेचाच झाला, त्याचे काय? राखीव निधी हा संस्थेचा कणा आहे, तो वाटून खायचा नसतो. तो भक्कम राहिला तर अडल्यावेळी संस्था तग धरते. गावासाठी वाट आहे ती नफ्यातून. त्याच कायद्याचे कलम ६९ राखीव निधी व शिक्षण निधी बाजूला काढल्यावर निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत रक्कम सार्वजनिक कामासाठी ठेवू देते. त्याला रीतसर मंजुरी घ्यावी आणि ठराव वार्षिक सभेत उघड व्हावा. त्यातून शाळेला पुस्तके, मुलीला कॉलेजची फी, दवाखान्याला एखादे उपकरण मिळू शकते.

कोणी विचारील, मग देवळाला का नको? संस्थेत सगळ्या जातिधर्माचे सभासद आहेत. त्यांच्या सामाईक पैशाचे पाणी सगळ्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोचले पाहिजे. देवाला दिलेलेच चालते, राहिलेले चालत नाही. तुमच्या देणग्यांवर हे मंदिर उभे राहिले, हाच त्याचा मान आहे.

मुंबईकर मंडळींना शेवटची विनंती. परत जाण्यापूर्वी आपल्या वडिलांचे, आजोबांचे नाव सोसायटीत विचारून जा. असेल तर वारसनोंद करा. नको असेल तर आपल्या सहीने गावाला द्या. तसे केलेत तर तो पैसा राहिलेला न राहता दिलेला होईल.