खूण आणि पुरावा



देवनहळ्ळीतील आपणां मराठी श्रोत्यांपुढे मी वैद्य म्हणून नव्हे, तर वैद्यकविषयक ग्रंथांची अनुवादक म्हणून उभी आहे. दीर्घकालीन यकृतविकारांवरील मजकूर मराठीत आणताना 'मार्कर' या शब्दासाठी 'पुरावा' आणि 'खूण' असे दोन प्रतिशब्द माझ्यापुढे होते. मी 'खूण' स्वीकारला. त्यामागील कारण आज सांगावयाचे आहे.

शरीरात दाह सुरू झाला की रक्तातील काही प्रथिनांचे प्रमाण बदलते. त्यांपैकी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे विशेष परिचित. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. दाहाची वर्दी मिळताच काही तासांत ते वाढू लागते आणि सुमारे दोन दिवसांत कमाल पातळी गाठते. परंतु ते तयार होते मुख्यतः यकृतातच! म्हणजे ज्याच्या घराला आग लागली, त्यानेच घंटा वाजवावयाची.

यकृत कठीण होऊन आकसले, म्हणजे सिऱ्होसिस झाला, की आतड्यांतील जंतूंचे अंश रक्तात शिरतात. त्यामुळे नवा संसर्ग नसतानाही हे प्रथिन काहीसे वाढलेले राहू शकते. उलटपक्षी, यकृत अगदी थकले असता गंभीर संसर्गातही ते अपेक्षेइतके वाढत नाही. अल्ब्युमिन दाहाने घटते, तसेच यकृताच्या दुर्बलतेनेही घटते. फेरिटिन दाहात वाढते, आणि दुखावलेल्या यकृतपेशींतूनही रक्तात उतरते. तेव्हा कमी आकड्याने निश्चिंत होऊ नये आणि वाढलेल्या आकड्यावरून एकदम कारण ठरवू नये.

कारण कोठे सापडते, याचे उदाहरण पुण्याचे आहे. लहान बालकांचा बळी घेणाऱ्या 'भारतीय बाल-सिऱ्होसिस' या रोगाचा अभ्यास करताना तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश वैद्य डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या आहाराची कसून चौकशी केली. तान्हेपणीच वरचे दूध सुरू झालेले, आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले, असे अनेक घरांत आढळले. दुधात उतरलेले तांबे कोवळ्या यकृतात साठत होते, असा निष्कर्ष त्यांच्या गटाने १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पुढे घरोघरी दुधाची भांडी बदलली आणि हा रोग विरळ झाला.

यकृत दुखावले आहे, हे रक्ताने सांगितले असते. दुधाचे भांडे कोणते, हे मात्र आईलाच विचारावे लागले. म्हणून तपासणीचा कागद घेऊन वैद्यांकडे जाल, तेव्हा चालू औषधे, काढे, मद्यपान, पूर्वीची कावीळ, यांतले काहीही न लपविता सांगा. तो आकडा ही केवळ खूण आहे. तिचा अर्थ तुमच्या हकिगतीनेच पुरा होतो.