समाधानी आहात का?

नागपुरात कुणी आजारी पडलं की घरात पहिलं नाव निघतं मेडिकल, नाहीतर मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांचं. बाळंतपण असेल तर डागा स्त्री रुग्णालयाचं. वस्तीतला सरकारी दवाखाना आठवतो तो बहुधा बाळाच्या डोसाच्या दिवशी. ही सवय मोडावी, ताप-खोकल्याला आणि बीपी-शुगरला कुणी मेडिकलच्या रांगेत ताटकळू नये, यासाठी २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र, असं त्याचं सूत्र.

लोक या सेवेवर खूश आहेत का, हे विचारायची सोयही आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. एसएमएस, फोन, अ‍ॅप, कशावरही मत द्या. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या तपासणीतही रुग्णांचं मत घेतलं जातं की नाही, ते पाहतात.

पण नुसतं “समाधानी आहात का?” विचारलं, तर आपला माणूस काय सांगणार? “ठीक हाये जी.” पैसे लागले नाहीत, डॉक्टर भेटले, आणखी काय मागायचं? शिवाय पुढच्या आठवड्यात गोळ्या घ्यायला त्याच खिडकीवर यायचं असतं. वाईटपणा कोण घेईल?

म्हणून जे घडलं ते विचारावं. चिठ्ठी काढल्यावर नंबर किती वेळाने लागला? सगळी औषधं इथेच मिळाली, की काही बाहेरून आणायला सांगितली? गोळी कशी घ्यायची, हे कुणी समजावलं? तपासताना पडदा होता? अशा उत्तरांतून दवाखान्याला उद्याचं काम कळतं.

आणि जो दवाखान्यात आलाच नाही, त्याचं काय? सकाळी कामावर गेलं नाही तर मजुरी बुडते. २०२३ मध्ये राज्यात ‘आपला दवाखाना’ योजना आली, तेव्हा दुपारी २ ते रात्री १० अशी वेळ जाहीर झाली, ती अशांच्या सोयीची. त्यांचं मत मात्र वस्तीतच घ्यावं लागेल. त्यासाठी आशाताई आहेत, महिला आरोग्य समित्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवरच्या लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून प्रश्न विचारू लागले. शहरातल्या वस्त्यांनाही तो हक्क हवा, आणि मिळालेली उत्तरं दवाखान्याच्या भिंतीवर सगळ्यांना वाचता येतील अशी लागायला हवीत.