जुन्या झाडाची प्रकृती

मोठ्या झाडाचा जिवंत भाग दिसतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. खोडाचा गाभा जवळजवळ सगळा मृत लाकडाचा. झाडाला उभे धरणे एवढेच त्याचे काम. बाहेरच्या लाकडातून मुळांनी ओढलेले पाणी वर चढते, आतल्या सालीतून पानांनी केलेले अन्न खाली उतरते, आणि या दोहोंच्या मधे ऊतिकराचा कागदासारखा पातळ थर असतो. खोड जाड होते ते या थरामुळे. म्हणूनच पोकळ गाभ्याचे वड आणि चिंचा कित्येक दशके हिरव्यागार राहतात, आणि दिव्यांची माळ किंवा पाळणा बांधायला आवळलेली एक तार धडधाकट झाडाला काही वर्षांत मारते. झाडाचा प्राण सालीखाली आहे, आणि घराभोवतीच्या झाडांना खिळे, फलक, तैलरंग यांचा उपद्रव नेमका तिथेच होतो.

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून पाहिली आणि १९७७ साली यामागची रीत मांडली. सडलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. त्याच्या भोवती ते रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारते, त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. जखम आत कायम राहते, फक्त बंदिस्त होते. या भिंती उभारायला साठवलेले अन्न लागते. उपाशी झाडाच्या भिंती कच्च्या राहतात, बुरशी त्या ओलांडते आणि ढोली वाढत जाते. जुन्या झाडाच्या बहुतेक रोगांचे मूळ या उपासमारीत असते. कीड मागाहून येते.

ही उपासमार बहुधा जमिनीतून सुरू होते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे फार खोल नसतात. त्यांतली बरीचशी वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, कोबा केला, गाड्या उभ्या राहून माती दबली, की मातीतली हवा संपते. झाड लगेच काही बोलत नाही. तीन-चार वर्षांनी शेंड्याकडच्या डहाळ्या वाळू लागतात, पाने लहान निघतात, आणि तोवर कोबा केल्याचे सगळे विसरलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. एक मीटर ही किमान सोय झाली. मोठ्या पर्जन्यवृक्षाला किंवा आंब्याला जितकी उघडी माती देता येईल तितकी थोडीच.

सोडवलेली जमीन कुदळीने खोल खणू नये, त्यात उरलीसुरली मुळेही तुटतात. वरची माती हलकेच मोकळी करून तिच्यावर झाडाचाच वाळलेला पाला तीन-चार इंच पसरावा. पावसाळ्यात तो कुजतो, गांडुळे येतात आणि माती आपोआप भुसभुशीत होते. आवारातला पाला रोज झाडून जाळणे हा झाडाच्या तोंडचा घास काढणे आहे. पाला किंवा माती खोडाला मात्र भिडवू नये. बुंध्याचा खाली रुंदावत जाणारा भाग उघडा राहायला हवा, कारण तिथे सतत ओल राहिली की साल कुजते. बुंध्याभोवती पार बांधून त्यात भर घालण्याची हौस अनेक झाडांना अशीच भोवते. उन्हाळ्यात पाणी द्यायचे ते फांद्यांच्या घेराखाली, दहा-पंधरा दिवसांनी, भरपूर.

दुसरा मोठा घाव छाटणीचा. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने, कोयत्याने वाटेल तिथे तोडलेल्या फांद्यांचे खुंट वर्षानुवर्षे तसेच राहतात, कारण त्यांच्यावर साल चढू शकत नाही. खुंट सडतो आणि सड खोडात उतरते. याउलट फांदी खोडाच्या अगदी सपाटीला कापली तर जखम विनाकारण मोठी होते. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर घेर दिसतो. जखमेवर चढणारी नवी साल या घेरातूनच येते. काप या घेराच्या लगेच बाहेर हवा. जड फांदी एका कापात काढू नये. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट करवत चालवावी, मग थोडे पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट घेराशी कापावा. नाहीतर फांदी पडता पडता खोडाची साल सोलून नेते. एका वेळी चौथाईहून अधिक पालवी काढणे जुन्या झाडाला झेपत नाही. मोठ्या फांद्यांची छाटणी कोरड्या दिवसांत आवरावी, म्हणजे बुरशीचे बीजाणू उडण्याआधी काप वाळतो.

अशक्त झालेल्या आंब्याकडे पहिला येतो तो भिरूड, म्हणजे खोडकिडा. लांब मिशांचा हा भुंगेरा सालीच्या भेगेत अंडी घालतो. अळी साल पोखरून लाकडात शिरते आणि कित्येक महिने आत बोगदे करत राहते. बाहेर कळते ते भोकातून येणाऱ्या भुशावरून आणि बुंध्याशी साचलेल्या लाकडाच्या चोथ्यावरून. फांदी एकाएकी वाळली की आतला बोगदा बराच लांब गेलेला असतो. यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सायकलची आरी किंवा आकडा केलेली लवचीक तार भोकात सारून अळी बाहेर ओढणे किंवा आतच मारणे. मग केरोसीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत ढकलून भोक चिखलाने लिंपतात. चार दिवसांनी चिखलाला नवे भोक पडले तर आत आणखी अळी आहे असे समजावे. खोडावर औषध फवारून लाकडातल्या अळीपर्यंत काही पोहोचत नाही. साल खाणाऱ्या अळीची खूण वेगळी आहे. फांद्यांच्या बेचक्यात विष्ठा आणि रेशमी धागे यांच्या तपकिरी जाळ्या दिसतात. ही अळी दिवसा भोकात लपते आणि रात्री जाळीखालून साल कुरतडते. जाळी खरवडून भोक गाठले की काम होते.

मुंबईत २०१०नंतरच्या दशकात कित्येक पर्जन्यवृक्ष उभेच्या उभे वाळले. त्यांच्यावर पिठ्या ढेकूण माजला होता आणि त्यांच्या बुंध्यांपर्यंत काँक्रीट पोहोचले होते. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहता येत नाहीत. पिठ्या ढेकूण कोवळ्या डहाळ्यांतला रस शोषतो आणि चिकट गोड स्राव टाकतो. त्या स्रावावर काळी बुरशी चढते, पाने काजळल्यासारखी दिसतात आणि मुंग्या जमतात. मुंग्या या स्रावासाठी पिठ्या ढेकणाची राखण करतात, त्याला खाणाऱ्या लेडीबर्डसारख्या भुंगेऱ्यांना हुसकतात. त्यामुळे खोडावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट ग्रीस लावणे आणि मुंग्यांची वाट बंद करणे हा निम्मा इलाज ठरतो. पट्टी सैल बांधावी आणि हंगाम संपताच काढावी. जोमाची विषारी फवारणी मित्रकीटकही मारते, आणि वस्तीतल्या साठ फूट उंच झाडावर ती माणसांच्याही अंगावर येते. निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा पुरतो, पण तो झाड लहान असताना किंवा खालच्या फांद्यांपुरता.

नारळाचे दुखणे शेंड्यात असते, कारण त्याला वाढीचा कोंब एकच. गेंड्या भुंगा हा कोंब पोखरतो; पुढे उलगडलेली झावळी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. भुंग्याची पैदास होते ती शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या ओंडक्यांत, तेव्हा बंदोबस्तही तिथेच करावा. सोंड्या भुंगा याहून घातक. तो जखमेच्या वासावर येतो. म्हणून चढण्यासाठी माडाला पायऱ्या खोदू नयेत आणि हिरव्या झावळ्या ओरबाडू नयेत. खोडातून तांबूस चिकट रस पाझरू लागला तर आत अळ्या असू शकतात.

बांडगूळ नुसते ओरबाडून जात नाही. त्याची मुळे यजमान फांदीच्या लाकडात शिरलेली असतात, म्हणून फांदीच चिकटलेल्या जागेच्या खाली कापावी, आणि ते फळण्याआधी. त्याची चिकट बी फुलटोचे पक्षी दुसऱ्या फांदीवर नेऊन टाकतात. वाळवीने सालीवर बांधलेल्या मातीच्या नळ्या पाहून घाबरू नये. ती बहुधा मेलेली साल खाते. नळ्या पुसून टाकून ती कोणत्या सडक्या लाकडाकडे जाते ते शोधावे.

कापलेल्या मोठ्या जखमांवर महाराष्ट्रातले बागायतदार बोर्डोपेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवावेत, लोखंड किंवा पत्रा चालत नाही. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. पावसाळ्याआधी बुंध्यावर जमिनीपासून दोन-तीन फूट ही पेस्ट लावल्यास बुरशी दूर राहते.

बुंध्याशी चामड्यासारखी कडक अळंबी उगवली तर मात्र कोणतेही औषध उपयोगाचे नाही. ती दिसते तेव्हा मुळांकडचे लाकूड सडून गेलेले असते, पाने हिरवी असली तरी. अशा झाडाची पाहणी जाणत्याकडून करून घ्यावी आणि निर्णय पावसाळ्याआधी व्हावा. शहरांत तो एकट्या सोसायटीचा नसतो. १९७५च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड हेरिटेज वृक्ष ठरते. झाड उतरवावेच लागले तर किडके ओंडके आवारात रचून ठेवू नयेत. त्यांतल्या अळ्या आपली वाढ पुरी करतात, आणि पुढच्या पावसात बाहेर पडलेले भुंगेरे शेजारच्या आंब्यावर बसतात.