नेट जोरात, तरी पान संथ



व्हिडिओ न अडता चालतो, पण ऑनलाइन हिशेबाची शीट प्रत्येक क्लिकला अडखळते. मग आपण राऊटर बंद-चालू करतो, नवा कॉम्प्युटर घ्यावा का असा विचार करतो. कधीकधी खरं कारण ब्राउझरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये असतं, आणि तिथे बघायचं फारसं कुणाला सुचत नाही.

वेबपानावरची बरीचशी आकडेमोड जावास्क्रिप्ट करते. 2008 मध्ये गूगलने क्रोम आणलं, तेव्हा त्यात व्ही-एट नावाचं इंजिन होतं. पान चालू असतानाच त्यातल्या जावास्क्रिप्टचं प्रोसेसरला थेट कळेल अशा सूचनांमध्ये रूपांतर ते करायचं; या तंत्राला ‘जिट’ म्हणतात. पाढे पाठ असलेला मुलगा आणि दर वेळी बोटांवर बेरीज करणारा मुलगा, यांच्यात जो फरक, तोच जिट असण्यात आणि नसण्यात.

मात्र जिट फार गुंतागुंतीचं असतं. 2019 नंतर व्ही-एटमध्ये नोंदल्या गेलेल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे 45 टक्के जिटशी संबंधित आहेत, असं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच, व्ही-एटवर चालणाऱ्या एज ब्राउझरमध्ये वाढीव सुरक्षेची सोय आली, ती जिट बंद करते. ‘बॅलन्स्ड’ निवडलंत तर नेहमीच्या साइट तिच्यातून वगळल्या जातात, ‘स्ट्रिक्ट’मध्ये सगळ्याच साइट सापडतात. आयफोनमध्ये 2022 साली आलेला लॉकडाउन मोडही जिट बंद ठेवतो. पत्रकार किंवा कार्यकर्ते यांच्यावर पाळत ठेवली जाण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी तो आहे. अशा माणसांनी थोडा संथपणा सोसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष इथलाच आहे हे ओळखायचं कसं? पान चटकन उघडतं, पण उघडल्यावर ओळी क्रमाने लावताना किंवा नकाशा सरकवताना अडतं, ही पहिली खूण. मग त्याच कॉम्प्युटरवर, त्याच नेटवर, दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडा. तिथे सुरळीत चाललं, तर नेट आणि कॉम्प्युटर दोघेही सुटले. एक्स्टेन्शन बंद करूनही बघा. जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शनही पान रेंगाळवतं. तरीही अडत असेल, तर एजच्या सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी’च्या भागात जाऊन वाढीव सुरक्षा चालू आहे का, ते पाहा.

ती चालू असली, तरी सरसकट बंद करू नका. तिथेच अपवादांची यादी असते. तुमच्या भरवशाची ती एक साइट त्या यादीत घाला आणि पान पुन्हा लोड करा. कॉम्प्युटर ऑफिसचा असेल आणि सेटिंग बदलता येत नसेल, तर आयटी विभागाला त्या साइटचा पत्ता देऊन एवढीच सूट मागा. अनोळखी साइटसाठी मात्र ही सुरक्षा चालूच राहू द्या.