पाण्यावरचा दिनक्रम : कोचीतील नवागत आणि बोट

नागरी वाहतुकीचा विचार करताना प्रवासात गेलेला वेळ हा वाया गेलेला वेळ असे गृहीत धरण्याची पद्धत आहे. कोचीत नोकरीनिमित्त नव्याने राहावयास आलेल्या माणसाला हे गृहीतक फार काळ टिकवता येत नाही. वैपीन बेटावर खोली घेऊन रोज सकाळी उच्च न्यायालयाजवळच्या धक्क्यावर उतरणाऱ्या नवागताच्या वाट्याला वीसेक मिनिटे अशी येतात, की त्यांत ना भोंगे असतात, ना धूळ. ओळख नसलेल्या शहरात एवढा निवांतपणा ही लहान गोष्ट नव्हे.

शिवाय, शहर समजते ते पाण्यावरूनच. एका बाजूला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच याऱ्या, दुसरीकडे डचांनी १७४४ मध्ये बांधलेला बोळगट्टीचा वाडा, दूरवर विलिंग्डन बेट. हे बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून उभे राहिले आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेले हे काम पुस्तकात एका ओळीचे असते. बोटीतून मात्र त्याचा आवाका दिसतो.

पूल झाला की होडी संपते, असा आपल्याकडील सर्वसाधारण अनुभव आहे. गोश्री पुलांनी २००४ मध्ये वैपीन एर्नाकुलमला जोडले गेले, तरी कोचीतील बोट टिकली. त्याला भूगोलाचेही साहाय्य आहे. मुंबईतील गेटवे–मांडवा जलवाहतूक पावसाळ्यात बंद ठेवावी लागते, कारण तेथे खुल्या समुद्राच्या लाटांशी गाठ असते; कोचीच्या आतल्या पाण्याला भूमीचा आडोसा आहे.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली कोची जलमेट्रो उल्लेखनीय ठरते. मूळ आराखड्यात ७८ विद्युत-संकरित बोटी आणि ३८ धक्के असून जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेचे कर्ज त्यासाठी मिळाले. बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या. भरती-ओहोटीनुसार वरखाली होणाऱ्या तरंगत्या फलाटामुळे वृद्धांना वा चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाला बोटीत शिरताना उडी मारावी लागत नाही. किमान भाडे आरंभी २० रुपये ठेवण्यात आले. पासधारकाला ते परवडते. मात्र कक्कनाडसारख्या ठिकाणी उतरल्यावर कचेरीपर्यंतचा शेवटचा टप्पा बस वा रिक्षानेच गाठावा लागतो, आणि बोटीने कमावलेली मिनिटे पुष्कळदा तेथेच खर्ची पडतात. नियोजनाची खरी कसोटी या टप्प्यावर आहे, बोटीच्या देखणेपणावर नाही.

तथापि या आनंदाच्या मुळाशी एक कठोर अट आहे. २७ जुलै २००२ रोजी वेंबनाड सरोवरात मुहम्माहून कुमरकोमकडे निघालेली बोट बुडाली आणि २९ जण मृत्युमुखी पडले. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. त्यांत अनेक जण राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी कोट्टयमला निघालेले उमेदवार होते, आजच्या श्रोत्यांच्याच वयाचे. परीक्षेची वेळ गाठायची असताना भरलेली बोट सोडून देणे किती अवघड असते, हे त्यांना वेगळे सांगावयास नको. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये फोर्ट कोचीजवळ प्रवासी बोटीला मासेमारी नौकेची धडक बसून ११ जण दगावले. देशपातळीवर १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम मात्र २०२१ मध्ये आला.

म्हणूनच जलमेट्रोच्या धक्क्यावरील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे प्रवासी मोजणारे स्वयंचलित फाटक. मोठ्या बोटीची मर्यादा १०० प्रवाशांची आहे. ती भरली की पुढच्या माणसाने, मग तो कितीही घाईत असो, फलाटावर थांबून पुढच्या बोटीची वाट पाहावयाची.